न थांबणारे गणकयंत्र

पेढीतील गणकयंत्र ऐन व्यवहारात बंद पडले, की खिडकीपाशी उभा असलेला खातेदार खोळंबतो. ही आपत्ती टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात अनेक स्वतंत्र यंत्रांचा समूह, म्हणजे क्लस्टर, उभारतात. एक यंत्र निकामी झाले, की दुसरे त्याचे काम हाती घेते. परंतु त्यात काही काळ जातो आणि स्मृतीत अपुरे राहिलेले काम पुन्हा करावे लागते.

दुसरा मार्ग १९८० साली अमेरिकेत स्थापन झालेल्या स्ट्रॅटस कंपनीने अनुसरला. तिच्या यंत्रात एका बोर्डावरील दोन प्रोसेसर एकच काम बरोबरीने करीत आणि त्यांची उत्तरे सतत ताडून पाहिली जात. उत्तरांत भेद आढळताच, चूक कोणाची हे शोधत न बसता, तो बोर्डच बाजूला होई. तेच काम करणारा जोडीचा बोर्ड ते अखंड पुढे चालवी. बिघडलेला बोर्ड यंत्र चालू असतानाच बदलता येई.

मात्र हे संरक्षण सुट्या भागांच्या बिघाडापुरतेच आहे. आज्ञावलीतच चूक असेल, तर चारही प्रोसेसर एकमताने चुकीचे उत्तर देतात. ती चूक शोधण्याचे काम शेवटी माणसाकडेच राहते.