तिकीट माफ, पण वाटेचं काय?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात काचेच्या पिरॅमिडखाली उतरायला एक गोल वळणाचा जिना आहे. त्या जिन्याच्या मधोमध लिफ्ट आहे, पण तिला छत नाही, वरून लोंबणारे दोरही नाहीत. जमिनीतून जाड नळकांडं वर येतं आणि त्याच्या माथ्यावर कठड्याआड व्हीलचेअर उभी राहते. मग ते सावकाश खाली सरकतं. बसलेल्या माणसाला अख्खा मंडप भर उजेडात दिसतो आणि जिन्यावरची मंडळी थांबून त्याच्याकडे बघतात. १९८९ साली वास्तुकार आय. एम. पेई यांचा हा पिरॅमिड खुला झाला. मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टमधून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून आत जायची सवय झालेल्या माणसाला या लिफ्टची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

लूव्रमध्ये अपंग पर्यटकाला तिकीट नाही आणि त्याच्या एका सोबत्यालाही नाही. कोणत्या देशाचे, हे विचारत नाहीत. अपंगत्वाचा पुरावा तेवढा लागतो. रांगेत ताटकळावं लागत नाही, व्हीलचेअर फुकट वापरायला मिळते. ऑर्से संग्रहालयातही दोघांना प्रवेश मोफत. लंडनच्या टॉवरमध्ये रीत जरा निराळी: अपंग व्यक्तीने तिकीट काढायचं, सोबतचा मदतनीस फुकट. मला हा हिशेब अधिक नेमका वाटतो. मदतनीस काही हौसेने फिरायला आलेला नसतो, त्याच्यावाचून समोरच्याची सहल होणारच नसते. आपल्या रेल्वेला हे कधीच कळलंय. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी रेल्वे सोबत्यालाही तितकीच सवलत देते.

आता कागदपत्रं. परदेशी निघताना यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, तर घ्याच, शिवाय अपंगत्वाचं स्वरूप सांगणारं डॉक्टरांचं इंग्रजी पत्रही जवळ ठेवा. आपल्याकडे बहुतेक सवलती ४० टक्के अपंगत्वापासून सुरू होतात. बाहेर काही ठिकाणी त्याहून जास्त टक्केवारी मागतात. युरोपात एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात चालावं म्हणून युरोपीय संघाने २०२४ मध्ये समाईक अपंगत्व कार्डाचा कायदा केला, पण तो तिथल्या रहिवाशांसाठी. आपल्याला दर खिडकीवर नव्याने विचारावंच लागणार. टूर कंपनीलाही आधीच विचारा: बसला पायऱ्या किती, हॉटेलच्या बाथरूमचा दरवाजा किती रुंद. ‘सगळं मॅनेज होईल’ हे उत्तर धरू नका.

तिकीट माफ करणं सोपं असतं. खरी कसोटी वाटेची. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर हजारो वर्षांच्या पावलांनी संगमरवर आणि कातळ इतके गुळगुळीत झालेत की धडधाकट माणूसही घसरतो. २००४ च्या पॅरालिम्पिकसाठी तिथे लिफ्ट बसवली होती. तिच्या जागी नवी आली ती ३ डिसेंबर २०२० रोजी, जागतिक अपंग दिनी. त्याच सुमारास वर काँक्रीटच्या रुंद वाटा घातल्या गेल्या आणि गहजब झाला. पुरातत्त्ववाल्यांनी विद्रूपीकरण म्हणून झोड उठवली. वाटांमागचे वास्तुशास्त्रज्ञ मानोलिस कोर्रेस म्हणाले, खाली थर घातलाय, उद्या उखडता येतील. काँक्रीट जरा जास्तच झालं, हे टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. ‘वारसा जपायचा म्हणून कोणी यायचंच नाही’ हे मात्र पटत नाही.

आणि वाट म्हणजे नुसता रॅम्प नव्हे. इटलीतल्या अँकोना शहरात आल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे अंध जोडपं. दोघांना भटकायची दांडगी हौस, आणि जातील तिथे ‘हात लावू नका’. वैतागून त्यांनी स्पर्शाचं संग्रहालय उभं करायचं ठरवलं. १९९३ मध्ये म्युझिओ ओमेरो सुरू झालं, १९९९ मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय दर्जा दिला. तिथे मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या प्रतिकृतींवरून हात फिरवता येतो, दगडी वस्त्राच्या चुण्या बोटांनी मोजता येतात. पार्थेनॉनची प्रतिकृतीही आहे, एकाच वेळी चारही बाजूंनी कवेत घेता येणारी. डोळसांनाही खऱ्या पार्थेनॉनजवळ हे साधत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून ‘अनुभव’ हे स्पर्शदालन आहे. गावोगावच्या वस्तुसंग्रहालयांना असं एखादं टेबल मांडायला फार पैसा लागू नये.

आपल्याकडे कायदा कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मानली, सार्वजनिक इमारती सुगम करायला मुदत घातली. पण नियमांत ‘करावे’ होतं, ‘केलेच पाहिजे’ नव्हतं. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं यावरच बोट ठेवलं. निव्वळ शिफारशी करणारा नियम त्याने रद्द ठरवला आणि सक्तीचे निकष आखायला सरकारला तीन महिने दिले.

कायदा असा, प्रत्यक्ष वाटा मात्र जागोजागी वेगळ्या. रायगडावर रोपवेने म्हातारीकोतारीही जातात. वेरूळच्या कैलासाचं प्रांगण जमिनीलगत आहे. घारापुरीला शंभरावर पायऱ्या आहेत, अजिंठ्याला चढउतार. तिथे आधार डोलीचा. चौघे खांद्यावर खुर्ची घेऊन निघतात, दमले की टेकवतात, बसलेल्याला संकोच वाटतो आणि पुढच्या गुंफेत किती वेळ थांबायचं हेही त्यांच्या दमावर ठरतं. तरी आज तीच एक वाट आहे आणि त्या चौघांची चूलही त्यावरच पेटते. अजिंठ्यात उद्या सुगम मार्गाचा आराखडा झालाच, तर या डोलीवाल्यांच्या रोजगाराचं पान त्यात आधी घालावं लागेल.