शाळा, कामशाळा आणि गाव

धंदेशिक्षण हा शब्द आपल्या पांढरपेशा घरांतून अजूनही काहीशा दबक्या आवाजात उच्चारला जातो. मुलगा परीक्षेत वर आला तर पुढचा मार्ग ठरलेलाच असतो. खाली राहिला तर ‘निदान हाताला काही काम तरी लागू दे’ असे म्हणून त्याची रवानगी कामशाळेत होते. ज्याचे डोके चालत नाही त्याने हात चालवावे, असा या वाटणीचा अर्थ. हा समज कितपत खरा आहे, आणि धंदेशिक्षणाच्या शाळेत मुलगा नेमके काय शिकतो, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. तो मोघम होऊ नये म्हणून पुणे जिल्ह्यातील एका शाळेचेच उदाहरण घेऊ.

शिरूर तालुक्यातील पाबळ हे कमी पावसाचे गाव. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे अन्नशास्त्रातले संशोधक. अमेरिकेत उच्च शिक्षण झालेले आणि मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम केलेले हे गृहस्थ शहरातील जम सोडून माळरानावर येऊन राहिले. जे. पी. नाईक यांनी स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली हे काम उभे राहिले. २००३ साली कलबाग निवर्तले, तरी आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

येथील मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा व निवासी. शाळेत ज्यांचे मन रमले नाही अशी पुष्कळ मुले येथे येतात. सुतारकी किंवा जोडारी असा एकच धंदा येथे शिकवीत नाहीत. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे चार विभाग असून प्रत्येकाने चारही विभागांत काम करावयाचे असते. एवढ्या थोड्या काळात चार विषय शिकून मुलगा कशातच तरबेज होणार नाही, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. कसबी कातारी एका वर्षात तयार होत नाही, आणि कारखान्याला तोच हवा असतो. परंतु खेड्यात मोटार जळाली, गोठ्याचे छप्पर उडाले, गाय आजारी पडली तर प्रत्येक कामाला निराळा तज्ज्ञ मिळत नाही. तेथे चार कामे नीट जाणणारा माणूसच उपयोगी पडतो. शिवाय चार कामांतून हात फिरला की आपला ओढा कोणीकडे आहे हे मुलाला स्वतःलाच कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. येथील पद्धतीचे मर्म असे की, विद्यार्थ्याचे काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, आणि गावाने त्याचे दाम मोजले पाहिजे. नेहमीच्या कामशाळेत मुलगा लोखंडाचा तुकडा कानशीने घासतो, शिक्षक गुण्या लावून पाहतात, गुण देतात, आणि तुकडा भंगारात जातो. हात बसण्यासाठी हा सराव अवश्यच आहे. पण चूक झाली तर दोन गुण जातात, याहून अधिक काही घडत नाही. तेच फाटक एखाद्या शेतकऱ्याच्या कुंपणाला बसवावयाचे असले, म्हणजे माप चुकून चालत नाही. फाटक लागले नाही तर शेतकरी पैसे देत नाही आणि गुरे पिकात शिरतात.

विहिरीची जागा पाहण्याचे उदाहरण घ्या. जमिनीत ओळीने चार सळया रोवतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. कोरडा, अखंड खडक विजेला फार विरोध करतो. ओला, भेगाळलेला खडक कमी करतो. सळयांतील अंतर वाढवीत गेले की अधिक खोलीचा अंदाज येतो. येथे भागाकार येतो, आलेख येतो, ओहमचा नियम येतो. फळ्यावर ज्या नियमाची मुलाला जांभई येत होती, तोच नियम आता शेतकऱ्याच्या पैशाशी बांधला गेलेला असतो. हे मोजमाप म्हणजे पाण्याची हमी नव्हे, हेही त्याला शेतकऱ्यापुढे उभे राहून सांगावे लागते. विज्ञानातील प्रामाणिकपणाचा याहून चांगला पाठ कोणता?

दुसरे उदाहरण घुमटाकार घरांचे. चार पट्ट्यांचा चौकोन दाबला तर तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी वाकल्यावाचून आकार सोडत नाही. अशा अनेक त्रिकोणांचा सांगाडा जोडून पाबळला घुमट उभे राहिले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागातही असे घुमट बांधले गेले. भूमितीतील साधी गोष्ट निराधार माणसाच्या डोक्यावर छप्पर होते, हे पाहिलेल्या मुलाला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारावे लागत नाही.

एकत्र राहण्याचे शिक्षणही असेच घडते. जड सांगाडा एकट्याला उचलत नाही. हत्यार जागेवर ठेवले नाही तर दुसऱ्याचे काम अडते. शिस्त येथे कामातूनच येते, तिच्यासाठी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला होता. पाबळचा प्रयोग त्याच कुळातला. मात्र त्याने चरख्याच्या जोडीला आपल्या काळातील यंत्रेही घेतली. २००२ साली तर संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची अद्ययावत प्रयोगशाळाही, अमेरिकेतील एम.आय.टी.च्या साहाय्याने, तेथे उभी राहिली. ही पद्धत पुढे महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांतही गेली.

तेव्हा डोके आणि हात यांची आपण केलेली वाटणी टिकत नाही. डोक्याला खाद्य मिळते ते हाताला आलेल्या अडचणीतून. आणि ती अडचण खरी असावयाची तर शाळेच्या कुंपणाबाहेर तिची वाट पाहणारा कोणी असावा लागतो. तो कोणी म्हणजे आपण नागरिक. आपल्या गावातील धंदेशिक्षणाच्या शाळेच्या संमेलनाला आपण पाहुणे म्हणून जातो, हार घेतो, भाषण करतो. त्याऐवजी घरातील मोडकी खिडकी घेऊन तेथे जावे, काम करून घ्यावे, चुकले तर परत करावे, आणि जमले तर दाम चोख मोजावे. त्या मुलांना आज बक्षिसापेक्षा गिऱ्हाइकाची गरज अधिक आहे.