जीभ एकटी चाखत नाही

अकोल्याजवळच्या एका शाळेत मी नववीच्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. प्रयोग साधाच होता. चार वाट्यांमध्ये साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाचं पाणी आणि कडुनिंबाचा काढा. काडीला कापूस गुंडाळायचा, तो वाटीत बुडवायचा, जिभेच्या वेगवेगळ्या भागांवर टेकवायचा आणि कोणती चव कुठे कळते ते वहीत लिहायचं. फळ्यावर जिभेचा नेहमीचा नकाशा काढलेला होता: टोकाला गोड, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू.

एका मुलीनं काढ्यात बुडवलेली काडी जिभेच्या टोकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "सर, मले तं कडू समोरच लागलं!"

सर म्हणाले, "नीट बघ. पुस्तकात काय दिलंय?"

मुलीनं फळ्याकडे पाहिलं, थोडी घुटमळली आणि वहीत लिहिलं, 'कडू चव जिभेच्या मागील भागात समजते.' पुढे त्यावर 'बरोबर'ची खूण झाली.

तिची जीभ बरोबर होती, फळा चुकीचा होता. सरांना दोष द्यावा असं नाही. मीही शाळेत हाच नकाशा काढून गुण मिळवले आहेत.

नकाशा आला कुठून?

१९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकानं जिभेच्या कडेकडेनं चारही चवींची संवेदनक्षमता मोजली. त्याला आढळलं ते एवढंच, की काही चवी काही भागांत किंचित कमी प्रमाणात असल्या तरी कळतात. फरक अगदी थोडा होता. १९४२ मध्ये बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या पुस्तकात ही माहिती आलेखरूपानं दिली, पण त्या आलेखातून फरक नेमका किती लहान आहे ते कळत नव्हतं. वाचणाऱ्यांनी 'थोडं कमी' याचा अर्थ 'अजिबात नाही' असा घेतला आणि जिभेचे चार प्रांत पडले. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी मोजमाप पुन्हा केलं. फरक आहेत, पण क्षुल्लक आहेत, हेच पुन्हा दिसलं.

आज आपल्याला माहीत आहे, की जिभेवरच्या प्रत्येक रुचिकलिकेत पन्नास ते शंभर पेशी असतात आणि एकाच कलिकेत सगळ्या मूळ चवी ओळखणाऱ्या पेशी सापडतात. या मूळ चवीही चार नसून पाच मानल्या जातात. पाचवी चव जपानच्या इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या रश्शात ओळखली. तिला 'उमामी' म्हणतात. ग्लुटामेट या घटकामुळे ती येते आणि पिकलेल्या टोमॅटोतही ती असते.

पण आपण तर षड्रस म्हणतो! त्यातले तिखट आणि तुरट कुठे गेले? त्याकडे वळण्याआधी, चाखणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा लोकांकडे पाहू.

चाखणाऱ्यांची रीत

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांपासून वाइन बनवणारे अनेक कारखाने आहेत. तिथे वाइन चाखून पारखणारी माणसं असतात. अल्कोहोल शरीराला अपायकारक आहे, आणि या लेखातल्या एकाही प्रयोगासाठी वाइन लागणार नाही. त्या लोकांची पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे.

ते पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहतात. मग पेला गोल फिरवतात, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग वाढतो आणि उडून जाणारे सुगंधी रेणू हवेत येतात. ते हुंगतात. त्यानंतर छोटा घोट तोंडात घेऊन, ओठांतून थोडी हवा आत ओढून, तो तोंडभर घोळवतात. शेवटी बहुतेक जण तो थुंकून टाकतात, नाहीतर दहाव्या पेल्याला काहीच कळेनासं होईल. या सगळ्या खटाटोपात निव्वळ जिभेचं काम किती थोडं आहे ते लक्षात आलं का?

नाकाचं मागचं दार

संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्या आपण सगळ्यांनी लहानपणी खाल्ल्या आहेत. संत्रं, लिंबू आणि अननस अशा तीन स्वादांच्या गोळ्या आणा. मुलांना डोळे मिटायला आणि नाक चिमटीत घट्ट धरायला सांगा, आणि एकेक गोळी तोंडात द्या. 'गोड आहे', 'थोडी आंबट आहे' एवढंच ती सांगू शकतील. आता नाक सोडायला सांगा. 'संत्रा!' असं वर्गभर ऐकू येईल.

घास चावताना सुटलेले सुगंधी रेणू घशाच्या मागच्या बाजूनं नाकात चढतात. नाक धरलं की हवेचा प्रवाह थांबतो आणि ही वाट बंद होते. सर्दीत जेवण बेचव लागतं त्याचंही मुख्य कारण हेच. जिभेला मूळ चवी पाच, तर माणसाच्या नाकात गंधग्राहींचे सुमारे चारशे प्रकार आहेत. या ग्राहींची जनुकं शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. 'संत्र्याची चव' असं आपण म्हणतो, पण तिचा मोठा भाग नाकात असतो.

आणि डोळ्यांत? फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये गंध नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांना दिली. त्यांनी तिच्या गंधाचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. शिकलेलं नाक डोळ्यांनी फसवलं. आपल्या मुलीला फळ्यावरच्या चित्रानं फसवलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

तुरट म्हणजे चव की स्पर्श?

आता षड्रसांकडे. पिकलेली जांभळं खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते. जांभळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. ही प्रथिनं तोंडाला वंगणाचं काम करतात. ती गोठून बाजूला झाली, की जीभ आणि टाळू एकमेकांवर घासतात. म्हणजे तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे. लाल वाइन सालं आणि बियांसकट आंबवतात, म्हणून तीत टॅनिन भरपूर असतं. पांढऱ्या वाइनसाठी सहसा रस आधीच गाळून घेतात, म्हणून ती फारशी तुरट नसते.

कोणत्या वाइनबरोबर काय खावं याचे युरोपात पुष्कळ संकेत आहेत. त्यातला एक म्हणजे चरबीदार मांसाबरोबर तुरट लाल वाइन. हा निव्वळ रिवाज आहे का? २०१२ मध्ये संशोधकांनी चाचणी घेतली. तुरट द्रावणाचे घोट एकामागून एक घेतले तर तुरटपणा वाढत जातो. चरबीचा घास एकामागून एक घेतला तर तेलकटपणा साचतो. दोन्ही आळीपाळीनं घेतले तर दोन्ही आटोक्यात राहतात. मासे आणि लाल वाइन जमत नाहीत, या समजुतीचाही शोध जपानमध्ये २००९ साली घेतला गेला. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशांचा उग्र वास वाढतो असं दिसलं. म्हणजे दोष लाल रंगाचा नव्हता, लोहाचा होता. लोह कमी असलेली लाल वाइन चालून जावी.

यावरून जोडीचं एक सूत्र हाती लागतं: एक घास किंवा घोट तोंडाची जी अवस्था करून ठेवतो, तिच्यात पुढचा पडतो. आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या कोणालाही हे पटेल.

ठेचा, तेल आणि ताक

हे सूत्र आपल्या ताटाला लावून पाहू. वऱ्हाडात ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घेतात, त्यावर कच्च्या तेलाची धार सोडतात आणि जोडीला ताक ठेवतात. मिरचीतलं कॅप्सायसिन रुचिकलिकांना कळतच नाही. उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंवर एक ग्राही असतो. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तो 'भाजतंय' असा निरोप मेंदूला पाठवतो. कॅप्सायसिन नेमकं त्यालाच जागं करतं. डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटानं हा ग्राही १९९७ मध्ये ओळखला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात ज्यूलियस यांचा वाटा होता. तिखटानं 'आग होते' असं आपण म्हणतो, ती निव्वळ उपमा नाही.

कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून पाण्यानं आग शमत नाही. तेलाची धार त्याला आपल्यात ओढून घेते आणि ताकातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून जिभेवरून नेतं. अल्कोहोलचं याच्या उलट आहे. त्यामुळे तोच उष्णता-ग्राही अधिक हळवा होतो आणि साध्या शरीरतापमानालाही आग जाणवू लागते. झणझणीत रश्शाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन घेऊ नये असं जाणकार सांगतात, त्यामागे हेच कारण असावं. ताकाची जोडी मात्र आपल्याकडे कोणताही ग्राही सापडण्याच्या पुष्कळ आधी जमलेली आहे.

दुपारी कडू होणारं संत्रं

एक प्रयोग खास अमरावती जिल्ह्यासाठी. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागाच बागा आहेत. सकाळी पहिल्या तासाला ताज्या संत्र्यांचा रस काढा, बियांसकट थोडा रगडून. चव नोंदवा. रस स्वच्छ भांड्यात, शक्य तितक्या थंड जागी झाकून ठेवा आणि शेवटच्या तासाला त्याचा एकच थेंब पुन्हा चाखा. बहुतेकदा तो कडवट झालेला असेल.

अख्ख्या फळातल्या पांढऱ्या पापुद्र्यांत एक पदार्थ असतो, तो कडू नसतो. रस काढताना पापुद्रे फाटतात, हा पदार्थ आम्लधर्मी रसात येतो आणि काही तासांत त्याचं लिमोनिन बनतं. ते इतकं कडू, की दहा लाख भागांत सहाच्या आसपास भाग असले तरी जिभेला कळतं. फळ झाडावर नीट पिकलं तर हा कडूपणा कमी असतो.

संत्रं सोलून खाणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. पण भाव पडतात तेव्हा फळाचा रस करून टिकवावा म्हटलं, तर हा कडूपणा आडवा येतो. तो शोषून घेणारी रेझिनं वापरता येतात, पण त्यांना यंत्रं आणि पैसा लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं जिभेवरची ही चव म्हणजे हिशेबाचा आकडाच आहे.

खरंच कळतं का?

'मला फरक कळतो' असं कोणी म्हणालं तर त्याची परीक्षा कशी घ्यावी? संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात याचं सुंदर उदाहरण दिलं आहे. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एका बाईंचं म्हणणं होतं. फिशर यांची योजना अशी: आठ कप घ्या, दोन्ही प्रकारचे चार-चार. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत. म्हणजे केवळ अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक.

वर्गात याहून सोपी रीत वापरता येईल. तीन वाट्या घ्या, दोहोंत एकच रस आणि तिसरीत वेगळा. वेगळी वाटी कोणती ते डोळे बांधून सांगायचं. अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश. सलग पाच वेळा बरोबर आलं तर अंदाजाची शक्यता २४३ मध्ये एक उरते. वाट्या मांडणारा आणि विचारणारा वेगवेगळे असावेत, म्हणजे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळणार नाही. प्रत्येकाची काडी आणि चमचा वेगळा असावा, आणि एकदा तोंडात गेलेली काडी पुन्हा वाटीत जाऊ नये.

उत्तरं सारखी येणार नाहीत, याचीही तयारी ठेवा. १९३१ मध्ये फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्स यांना तिला चवच नव्हती. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचं दिसून आलं. शेजारी बसलेल्या दोन मुलांनी वेगळी नोंद केली, तर दोघंही खरं सांगत असू शकतात.

म्हणून पुढच्या वेळी हा प्रयोग घ्याल तेव्हा एक करा. फळा कोरा ठेवा. आधी मुलांना चाखू द्या, लिहू द्या. सगळ्या वह्यांतल्या नोंदी एकत्र करून वर्गाचा स्वतःचा तक्ता बनवा. मग पुस्तकातलं चित्र उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. त्या मुलीला कडू समोरच लागलं होतं. तिनं तेच लिहायला हवं होतं, आणि 'बरोबर'ची खूण त्यावर व्हायला हवी होती.