भागाची किंमत कोणी ठरवावी?

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर भूमीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसविण्यात आली. कर्नाटक शासनाच्या 'किओनिक्स' या महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ती कल्पना. १९७८ मध्ये तिने आकार घेतला. उद्योगाला जागा मिळाली. परंतु भांडवल कोणत्या अटींवर उभारावयाचे, हे त्या काळी उद्योजकाच्या हाती नव्हते.

याचे कारण १९४७ चा भांडवल उभारणी नियंत्रण कायदा. युद्धकाळात घातलेले निर्बंध त्याने पुढे चालू ठेवले. जनतेस भाग विकून मोठी रक्कम उभारावयाची, तर दिल्लीतील नियंत्रकाची अनुमती लागे. दर्शनी किमतीवर किती अधिमूल्य घ्यावे, हेही तोच ठरवी. हिशेबाचा आधार असे तो कंपनीची मालमत्ता आणि मागील नफा. कापडगिरणीस हे माप एक वेळ चालले असते. ज्या धंद्याची सारी मालमत्ता म्हणजे काही अभियंते आणि त्यांनी लिहिलेल्या आज्ञावली, त्याचे मोल या मापाने अल्पच भरणार.

पुण्यात १९८१ मध्ये दहा हजार रुपयांवर सुरू झालेली व १९८३ मध्ये बंगळुरूस आलेली 'इन्फोसिस' ही अशीच कंपनी. मे १९९२ मध्ये तो कायदा रद्द झाला. किंमत कंपनीने ठरवावी, मात्र माहिती उघड करावी आणि देखरेख 'सेबी'ने ठेवावी, अशी नवी रीत आली. फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसने दहा रुपयांचा भाग ९५ रुपयांस विक्रीस काढला. पुरेशी मागणी आली नाही. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेने मोठा वाटा उचलला, तेव्हा विक्री तडीस गेली. जूनमध्ये शेअरबाजारात त्याच भागाचा व्यवहार १४५ रुपयांनी सुरू झाला. १९९४ मध्ये कंपनीचे मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत आले.

तरीही प्रश्न मिटला नव्हता. २०१२ मध्ये प्राप्तिकर कायद्यात एक तरतूद आली, जिला पुढे 'एंजल टॅक्स' हे नाव पडले. खाजगी कंपनीने 'वाजवी बाजारमूल्या'हून अधिक किमतीस भाग दिल्यास वरची रक्कम तिचे उत्पन्न मानावी, अशी ती होती. काळा पैसा अधिमूल्याच्या वाटेने पांढरा होऊ नये, हा हेतू गैर म्हणता येणार नाही. पण अजून नफा न मिळविलेल्या नवउद्योगाचे वाजवी मूल्य काय? जुना नियंत्रक निदान आधी अडवीत असे. नवी नोटीस येई ती पैसा खर्च होऊन गेल्यावर. मान्यताप्राप्त नवउद्योगांना २०१९ मध्ये सशर्त सूट मिळाली आणि २०२४ च्या वित्त कायद्याने ही तरतूद आकारणी वर्ष २०२५-२६ पासून निरस्त केली. त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे मात्र तेवढ्याने मिटली नाहीत.