फटफटी: जुनी ठेवावी की आपली करावी?

छत्तीसगडात रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर येतं. राजीमला जायचं असेल तर इथून वळायचं. रेल्वेचाही फाटा याच गावात. अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी रायपूरहून यायची आणि इथून तिच्या दोन वाटा व्हायच्या, एक धमतरीला, दुसरी राजीमला. पुढे ते रूळ निघाले, त्या जागी मोठे रूळ आले आणि 30 मार्च 2025 रोजी रायपूर ते अभनपूर मेमू सुरू झाली. लोकांची सोय झाली, त्यात काही वाद नाही. पण छोटी गाडी पुन्हा त्या वाटेवर येणार नाही, हेही तितकंच खरं.

जुनी मोटारसायकल घेऊन तिच्यात फेरफार करायला निघालेल्या माणसापुढे हाच पेच छोट्या आकारात असतो. सोयीसाठी काय बदलावं आणि काय एकदा निघालं की परत बसत नाही? अभनपूर-रायपूर पट्ट्यातला मराठी माणूस असो की पुण्या-कोल्हापुरातला, पेच एकच. फक्त इकडच्या माणसाला गाडी बहुतेक वेळा महाराष्ट्रातून आणावी लागते, म्हणून त्याच्या वाट्याला कागदांची एक फेरी जास्त येते.

चार घराणी

आपल्याकडे ‘क्लासिक’ म्हणून हात बदलणाऱ्या गाड्यांची मुख्य घराणी चार.

पहिलं बुलेटचं. 1955 साली मद्रासची कंपनी आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एन्फिल्ड एकत्र आल्या आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या. इंग्लंडमधला कारखाना पुढे बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. जुन्या बुलेटचं 346 सीसीचं बिडाचं इंजिन म्हणजे 70 मिलिमीटरचा बोअर आणि 90 मिलिमीटरचा स्ट्रोक. पिस्टनचा हा लांब पल्ला आणि जड फ्लायव्हील यांतूनच तो संथ, मोजून टाकल्यासारखा ठोका येतो. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. किक मारण्याचाही विधी असतो. किक हळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येऊ द्यायचा, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे ढकलायचा, मग मोकळ्या अंगाने एक किक. घाई केली तर गाडी उलट किक मारते आणि पोटरी आठवडाभर आठवण करून देते.

दुसरं घराणं जावा-येझदीचं. मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला उभारलेल्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटण्याचीही योजना त्यात होती. कारखाना बंद झाल्यावरही या गाडीचे भक्त पांगले नाहीत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातल्या गावांत जावा-येझदी दिवस साजरा होतो आणि त्या सकाळी टू-स्ट्रोकच्या निळ्या धुराला कोणी नाक मुरडत नाही.

तिसरं राजदूतचं. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली 175 सीसीची राजदूत खेड्यापाड्यांत दुधाच्या कॅनसकट वर्षानुवर्षं पळाली. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटाने याच घरातल्या छोट्या जीटीएसला बॉबी हे टोपणनाव कायमचं दिलं. 1983 साली आलेली राजदूत 350 मात्र वेगळ्याच रक्ताची. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि त्या काळच्या भारतीय रस्त्यांना न झेपणारा वेग. पेट्रोल पिते म्हणून तेव्हा लोकांनी ती नाकारली. आज तिच्याच मागे लोक फिरतात.

चौथं यामाहा आरएक्स 100 चं, 1985 ते 1996. पन्नास मिलिमीटरचा बोअर, पन्नास मिलिमीटरचा स्ट्रोक, 98 सीसी आणि 11 अश्वशक्ती. आकडे छोटे असले तरी गाडी हलकी, म्हणून पळते. या चौघींत तरुणांची सर्वात लाडकी हीच, आणि फेरफारांत सर्वात जास्त बिघडवली गेलेलीही हीच.

चकाकीच्या खाली

‘रिस्टोअर केलेली’ या दोन शब्दांत बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिल्या प्रकारात गाडी पूर्ण सुटी करून, झिजलेले भाग बदलून, मूळ मापाने पुन्हा जोडलेली असते. दुसऱ्या प्रकारात इंजिन तसंच ठेवून फक्त रंग आणि क्रोम नवं केलेलं असतं. तिसऱ्या प्रकारात चार गाड्यांचे भाग एका चासीवर चढवलेले असतात. तिन्ही फोटोत सारख्याच देखण्या दिसतात.

म्हणून गाडी बघायला जाताना खिशात एक छोटं चुंबक ठेवावं. टाकी आणि मडगार्डवरून ते फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली जाड पुट्टी आहे आणि पुट्टीखाली गंज किंवा भोक असण्याची दाट शक्यता आहे. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारावा. बाहेरून आरसा आणि आतून तांबूस भुगा, असं पुष्कळदा निघतं.

इंजिन थंड असतानाच गाडी पाहावी, तसं आधी सांगून ठेवावं. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर उद्या पुन्हा यावं. टू-स्ट्रोक इंजिनात बोअर कितवा आहे ते विचारावं. पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे होत जातात आणि शेवटचा टप्पा गाठला की ब्लॉकला नवं स्लीव्ह बसवणं किंवा दुसरा ब्लॉक शोधणं एवढंच उरतं. बुलेटमध्ये टॅपेटची टकटक चालते, पण खालून येणारा जड ठोका क्रँकचा असतो आणि तो स्वस्तात थांबत नाही. हँडल दोन्हीकडे हळू फिरवून मध्ये अडखळतं का ते पाहावं. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका ओळीत आहेत का ते बघावं. वाकलेली चासी रंगाने सरळ होत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या काळाची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढतं. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि सील यांच्याशी त्याचं जमत नाही, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीत गंज धरतो. नळ्या नव्या आहेत का, हे विकणाऱ्याला विचारावंच. घरी आणल्यावर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

कागद हाच अर्धा सौदा

चासी आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळले पाहिजेत. नंबरच्या जागी घासल्याच्या खुणा किंवा पुन्हा ठोकलेले आकडे दिसले तर गाडी कितीही आवडली तरी निघून यावं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर ती पाच-पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला या नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 2,000 रुपये झाली आहे. नोंदणी संपलेली गाडी ‘नंतर करून देतो’ या शब्दावर घेऊ नये. आधी नूतनीकरण, मग पैसे.

पुण्याची किंवा नागपूरची गाडी अभनपूरला आणायची तर मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म 28, आणि नाव बदलायला फॉर्म 29 व 30 लागतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. रायपूर जिल्ह्यात तो सीजी 04 असेल. एमएच 12 किंवा त्याआधीची तीन अक्षरी पाटी जाईल याची हुरहूर अनेकांना लागते. लागू द्यावी, पण त्यापायी नोंद अर्धवट सोडू नये.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी जुलै 2021 मध्ये केंद्राने वेगळी वाट काढली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चासी आणि इंजिनात मोठे बदल नसलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पाटीवर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते.

इथे थोडा हिशेब मांडून पाहा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जावा आज या यादीत बसते. 1985 ची आरएक्स 100 बसायला 2035 उजाडेल. म्हणजे आज आरएक्सची चासी मागून कापणारा माणूस दहा वर्षांनी मिळणारा मानही कापून टाकतो.

बदलाच्या तीन वाटा

पहिली वाट मूळ रूपाची. टाकीचा रंग, पट्ट्या, दिव्याचा आकार, टूलबॉक्सचा खटका, सगळं कारखान्यातून निघालं तसं. हिला पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते. पुण्याची नाना पेठ, मुंबईतलं कुर्ला, दिल्लीचं करोल बाग अशा बाजारांतून एकेक सुटा भाग वेचावा लागतो. ही जातकुळी कशी असते ते बघायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथला संग्रह सायकलींचा आहे, पण जुनी वस्तू तिच्या दिव्या-घंटीसकट जपायची म्हणजे काय, ते तिथे कळतं.

दुसरी वाट मोडतोडीची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मडगार्ड छाटून बॉबर झाले. पन्नास-साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेभोवती हँडल खाली ओढलेले कॅफे रेसर जमले. आपल्याकडे मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने आणि जयपूरच्या राजपुताना कस्टम्सने बुलेटला नवी अंगकाठी देऊन नाव कमावलं. 2013 साली गोव्यात सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकमध्ये अशा गाड्यांभोवती गर्दी होते. हे काम कारागिरीचं आहे आणि चांगलं झालं तर मान तुकवावी असं असतं. पण या कारागिरांचा फोटो गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला दाखवून ‘अशी करून दे’ म्हणणं म्हणजे फसगतीला बोलावणं. फोटोत बांधा दिसतो, चासीवर भार कुठे पडतो ते दिसत नाही.

तिसरी वाट मधली आणि माझ्या मते अभनपूरच्या रस्त्याला सर्वात योग्य. रूप जुनं ठेवायचं आणि सुरक्षितता व भरवसा वाढवायचा. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टवर न्यायची, म्हणजे संध्याकाळी राजीमहून परतताना दिवा समोरच्या ट्रकला दिसतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. चांगले ब्रेक-लायनर, नवे टायर, दोन्ही बाजूंना आरसे, शॉकअपचे नवे सील. यातलं काहीही करताना चासीला करवत लागत नाही, आणि उद्या मन बदललं तर तासा-दोन तासांत जुना भाग परत बसतो.

आवाजाचं आणि कायद्याचं

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कारखान्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही ठेवलं. त्याच जातीचं इंजिन बसवायचं तरी आरटीओची परवानगी लागते. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, तो बदलला तर तिथे नोंद करून घ्यावी. कापलेली चासी, दुसऱ्या गाडीचं इंजिन, मडगार्डच नसलेलं मागचं चाक, हे सगळं हौसेच्या नव्हे, दंडाच्या खात्यात जमा होतं.

राहिला सायलेन्सर. फटाके फोडणारा सायलेन्सर लावला की गाडी दमदार होते असा एक समज आहे. टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर तो उलटा आहे. त्या इंजिनात सायलेन्सरचा आकार हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग असतो. परतणाऱ्या दाबाच्या लाटेवर न जळलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये राहील की बाहेर पडेल हे ठरतं. आतली जाळी काढून टाकली की आवाज वाढतो आणि ओढ बहुधा घटते. बुलेटचा ठोकाही लांब स्ट्रोकमधून येतो, भोकं पाडलेल्या नळीतून नाही. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवला आहे. रुग्णालयासमोर राहणाऱ्या कोणालाही त्या रोलरबद्दल वाईट वाटलं नसेल.

शेवटचा शब्द

नुसती जुन्यासारखी दिसणारी आणि बिनत्रासाची गाडी हवी असेल तर नवी क्लासिक 350, 2018 मध्ये परतलेली जावा, 2022 मध्ये परतलेली येझदी, यांपैकी एक घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. खरी जुनी गाडी घ्यायची तर तिचा मालक होण्याआधी तिचा राखणदार व्हायची तयारी हवी, कारण म्हैसूरच्या त्या कारखान्यातून आता एकही येझदी नव्याने निघणार नाही.

म्हणून घेणाऱ्याला तीन गोष्टी सांगतो. पहिलं वर्ष काहीही बदलू नका, नुसती चालवा. काय खुपतं ते गाडीच सांगेल. नंतर बोल्ट सोडून होईल तेवढंच बदला, करवत आणि वेल्डिंगला नाही म्हणा. आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजका नटसुद्धा, तेल लावून, चिठ्ठी बांधून पोत्यात ठेवा. गाडी कधी विकलीत तर ते पोतं तिच्यासोबत द्या.