लहानग्यांचा वाढदिवस : खेळ संघाचे, पण कुणी बाद न होणारे

संगीत खुर्चीत सर्वांत आधी बाद होणारे मूल बहुधा सर्वांत लहान किंवा सर्वांत बुजरे असते. ज्याला खेळात सामावून घेण्याची गरज अधिक, तेच पहिल्या मिनिटाला कडेला जाऊन बसते आणि केक कापेपर्यंत आईचा पदर सोडत नाही. वाढदिवसाला संघ पाडून आव्हानांचे खेळ ठेवायचे ते हे टाळण्यासाठी. मात्र नुसते दोन संघ पाडल्याने प्रश्न सुटत नाही. कधी कधी तो वाढतोच.

१९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले होते. दोन गटांत रस्सीखेच, बेसबॉल असे सामने लावून बक्षिसे ठेवताच थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, एकमेकांचे झेंडेही जाळले गेले. पुढे शिबिराचे पाणी बंद पडले (ते संयोजकांनीच पाडले होते) आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला. अशा काही सामायिक कामांनंतर वैर ओसरत गेले. दोन तासांच्या वाढदिवसात एवढे रामायण घडत नाही, हे खरे; तरीही दोन्ही संघांना एकमेकांची गरज भासेल, असे निदान एक आव्हान ठेवावे. खाऊच्या पेटीचा अर्धा नकाशा एका संघाकडे आणि उरलेला दुसऱ्याकडे, एवढी साधी युक्तीही पुरते.

वयाचे भान त्याहून महत्त्वाचे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे खेळ पाहून मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की लहान मुले शेजारी बसूनही आपापलेच खेळतात. वाटणी करून, एका उद्देशाने खेळणे वयाबरोबर वाढत जाते. तेव्हा तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांचे संघ पाडण्याचा आग्रह व्यर्थ होय. पाच ते सात वर्षांच्या मुलांना चार-पाच जणांचा संघ आणि प्रत्येक संघामागे एक मोठे माणूस पुरे.

संघनायकांना खेळाडू निवडू देऊ नयेत. शेवटी उरलेल्या मुलाला त्या क्षणी काय वाटते, हे मोठ्यांनाही आठवत असेल. त्यापेक्षा दारातच डब्यातून रंगीत फीत काढायला लावावी आणि तो डबा उत्सवमूर्तीच्या हाती द्यावा. यजमानपणाचा मान मिळाला, की प्रत्येक खेळ आपणच जिंकावा हा हट्टही काहीसा निवतो.

साहित्य घरातच सापडते. नारळाच्या पाच करवंट्या आणि चिंध्यांचा चेंडू घेतला, की लगोरी झाली. पण समोरच्या संघाला चेंडू मारण्याऐवजी करवंट्या किती वेळात पुन्हा रचल्या, ते मोजावे आणि दुसऱ्या फेरीत स्वतःचाच वेळ कमी करायला सांगावे. जुन्या चादरीची टोके सर्वांनी धरून तिच्यावरचा चेंडू बादलीत पाडणे दिसते तितके सोपे नाही, म्हणूनच मुले त्यात रमतात. संगीत खुर्ची हवीच असेल, तर खुर्च्या कमी कराव्यात, मुले नव्हेत. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी दाटीवाटीने सामावून जायचे. कॅनडाचे टेरी ऑर्लिक यांनी १९७८ मधील आपल्या सहकारी खेळांच्या पुस्तकातून अशाच विचाराचा पुरस्कार केला होता.

एक खेळ दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. धावपळीचे खेळ खाण्याआधी उरकावेत. मे महिन्यात उन्हे कलल्यावरच अंगणात उतरावे. जून ते सप्टेंबरमधील वाढदिवसाची आखणी मात्र बलकांव किंवा दिवाणखाना धरूनच करावी, पाऊस उघडेल या भरवशावर राहू नये. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, ते लहानग्यांच्या घशात अडकू शकतात. बक्षीस एकट्याला न देता लाडवांचा डबा सर्वांत मिळून उघडावा.

एवढे करूनही एखादे मूल खेळायला नकार देते. त्याला ओढू नये. शिट्टी आणि घड्याळ त्याच्या हाती द्यावे. दोन फेऱ्या इतरांची वेळ मोजून झाली, की शिट्टी दुसऱ्याकडे सोपवून ते बहुधा आपण होऊन चादरीचे टोक धरायला येते.