चौथ्या तासाचं रक्त

हल्ली बारामतीत सकाळी रक्त दिलं की दुपारी मोबाइलवर किडनीचा निकाल येतो. क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर, म्हणजे त्यावरून सूत्रानं काढलेला किडनीच्या गाळण्याचा अंदाज, आपोआप छापलेला. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण परवा इंदापूरच्या एका हडकुळ्या म्हाताऱ्याची किडनी त्या कागदावर ठणठणीत निघाली आणि माझं डोकं फिरलं. अंगावर मांसच नसेल तर क्रिएटिनिन मुळात कमी बनतं. सूत्र त्याचं श्रेय किडनीला देऊन मोकळं होतं.

आम्ही किडनी सूत्रानं नाही, किरणोत्सारी औषध टोचून मोजायचो. परळला 1963 साली रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं, तिथपासूनचा अशा औषधांचा इतिहास हवा त्यानं पुस्तकात वाचावा. मी जगलो ते 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतरचं दशक, पुण्यातल्या एका इस्पितळात तंत्रज्ञ म्हणून. किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेलं डीटीपीए नावाचं औषध एका हातात टोचायचं. दोन तासांनी आणि चार तासांनी दुसऱ्या हातातून रक्त घ्यायचं. रक्तातलं औषध किती वेगानं उतरतंय, त्यावरून किडनीची गाळण्याची ताकद मोजायची.

बाराला टोचलेल्या इंदापूरकराची तीन वाजता चुळबुळ सुरू. "दादा, चारचं रक्त साडेतीनला घ्या की, एसटी चुकंल." घ्यायचो. त्यानं बिघडत नाही. वहीत साडेतीन लिहायचं, बस्स. आमच्या साहेबांना मात्र 'दोन' आणि 'चार' असे गोल आकडेच हवे असत. वीस मिनिटं उशिरा रक्त घेऊन ठरलेली वेळ टाकली, तर थकलेली किडनी कागदावर तरतरीत दिसते, हे त्यांना मी किती सांगावं! पुढं त्यांनी तक्तेच तसे छापून आणले. मी समासात मिनिटं लिहीत राहिलो आणि बोलणी खात राहिलो.

किडनी फारच मंद असली तर दुसऱ्या दिवशीचंही रक्त लागे. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, चोवीस तासांनी उरतो सोळावा हिस्सा, तोही मोजायचा. भिगवणची माणसं रात्री व्हरांड्यात चादर टाकत.

मग गॅमा कॅमेऱ्यावरची गेट्सची रीत बोकाळली. रीत 1982ची, आमच्याकडे उशिरा रुजली. टोचल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटामधलं चित्र घ्यायचं, रक्ताची भानगडच नाही. डाव्या-उजव्या किडनीचा वाटा कॅमेरा छान दाखवतो, मान्य. पण एकूण आकड्यासाठी, निदान किडनी देणाऱ्याच्या बाबतीत तरी, रक्ताचे नमुने सोडू नका, असं मी बैठकीत म्हटलं. "तुम्हाला लोकांना ताटकळत ठेवायची हौसच आहे," साहेब म्हणाले. ताटकळणाऱ्यांपैकी कुणी मला असं कधी म्हटलं नव्हतं.